शाळेत शिक्षकांचा पुस्तक-गट कसा चालवायचा (सातारा-सांगलीकडच्या शाळांसाठी)

पहिलंच सांगून टाकतो, हे मुलांच्या वाचन कट्ट्याबद्दल नाहीये आणि १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाबद्दल पण नाही. हे आपल्यासाठी, म्हंजे शिक्षकांसाठी आहे. शाळेतले पाच-सात शिक्षक मिळून एकच पुस्तक घ्यायचं, थोडं थोडं वाचायचं, पंधरा दिवसांनी पाऊण तास बसून त्याच्यावर बोलायचं आणि उठताना प्रत्येकानं ठरवायचं की यातली कुठली एक बारकी गोष्ट मी येत्या आठवड्यात वर्गात करून बघणार. पुढच्या बैठकीची सुरुवात मग त्याच्यावरनंच करायची. एवढंच. अमेरिकेकडं बऱ्याच शाळांत हे स्टाफ बुक स्टडी म्हणून रेग्युलर चालतं, आपल्याकडं पुस्तक-गट म्हणा नायतर आणखी काय म्हणा, काम तेच.

ट्रेनिंग आपल्याला काय कमी नाहीत. निष्ठा हे सरकारी प्रशिक्षण झालं, दीक्षा या सरकारी पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स झाले, तालुक्याच्या हॉलमध्ये बसून पीपीटी बघून झाल्या, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर शिक्षकानं दरवर्षी किमान ५० तास सतत व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं लिहूनच ठेवलंय. ट्रेनिंग वाईटच असतं असं माझं म्हणणं नाही, काही सुलभक लय भारी असतात, पण अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते. शाळेत परत आलं की शापोआचा (शालेय पोषण आहाराचा) हिशोब असतो, यू-डायसवर शाळेची ऑनलाइन माहिती भरायची असते, कुणीतरी दाखल्यासाठी दारात उभं असतं, आणि काल जे ऐकलं ते ट्रेनिंगच्या वहीतच राहतं. कुणी विचारत नाही की "काय ओ, ते करून बघितलं का?" पुस्तक-गटाचा सगळा जीव या एका प्रश्नात आहे आणि तो विचारणारा शेजारच्या वर्गातला माणूस असतो, ज्याला तुमची पोरं, तुमचा पट, तुमची अडचण सगळं माहीत असतं. २०१७ साली अमेरिकेतल्या लर्निंग पॉलिसी इन्स्टिट्यूटनं शिक्षक प्रशिक्षणावरचे ३५ अभ्यास तपासले होते, त्यात पण हेच निघालं की आपल्या विषयाला धरून, सहकाऱ्यांबरोबर, बराच काळ चालू राहणारं आणि स्वतः करून बघायला लावणारं प्रशिक्षण असेल तर त्याचा वर्गात उपयोग होतो. एक दिवसाचं भाषण त्यात कुठंच बसत नाही.

गटात कोण असावं

सक्ती करू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. मुख्याध्यापकांनी सूचना वही फिरवली आणि सगळ्यांनी सह्या केल्या की गट मेला समजा, कारण मग तो आणखी एक उपक्रम झाला, आणि उपक्रम म्हटला की माणूस फोटोपुरता येतो. चार जण मनापासून तयार असतील तर चारावर सुरू करा. आठच्या वर जाऊ नका, कारण आठाच्या पुढं गेलं की दोघं बोलतात आणि बाकीचे मोबाईल बघतात. स्टाफ मोठा असेल, हायस्कूलला वीस-पंचवीस जण असतात, तिथं दोन गट करा, पण विषयवार करू नका. गणिताचे सर आणि मराठीच्या मॅडम एका गटात असले की खरी मजा येते, एकाला जे उघड वाटतं ते दुसऱ्याला मुळीच पटत नाही.

मुख्याध्यापक गटात असावेत का? असावेत, पण पुस्तक वाचून यावेत, आणि खुर्ची टेबलामागची नको, सगळ्यांबरोबर गोलातली. शक्य असेल तर ऑफिसमध्ये बसूच नका, एखाद्या वर्गात बसा. ऑफिसमध्ये बसलं की शिक्षणसेवक पोरगं तोंड उघडत नाही, आणि ज्येष्ठ लोक एकमेकांना मान देण्यातच वेळ घालवतात. मुख्याध्यापकांनी करायचं खरं काम वेगळंच आहे: वेळ काढून देणं, त्या वेळेत दुसरी मिटिंग न लावणं, आणि पुस्तकातली गोष्ट करताना कुणाचं टाचण (रोजच्या पाठाचं लेखी नियोजन) चार दिवस मागं पडलं तर त्यावर शेरा न मारणं. हे तीन मिळालं तरी लय झालं.

दोन शिक्षकी शाळांचं काय, हा प्रश्न येणारच. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडं डोंगरातल्या शाळा बघा, पट दहा-बारा आणि शिक्षक दोन, त्यातला एक कायम ऑनलाइन माहितीच्या मागं. तिकडं शाळेत गट होत नाही, जवळजवळच्या तीन-चार शाळांचा मिळून करावा लागतो. महिन्याला केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या शिक्षकांची शिक्षण परिषद असतेच, केंद्रप्रमुखांना विश्वासात घेऊन तिथला अर्धा तास मागून घ्या, आणि मधल्या पंधरा दिवसांत व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट चालू द्या. प्रत्येकानं एक नोट, दोन मिनिटांच्या आतली, "पान अमुक, मला हे खटकलं, मी हे करून बघितलं." टाइप करायला सांगू नका, कुणी करत नाही, आणि केलं तर कुठनं तरी कॉपी करून टाकतात. बोललेलं खोटं लगेच कळतं. आणि गुड मॉर्निंगवाल्या ग्रुपवर हे चालवू नका, वेगळा ग्रुप करा, नायतर वाढदिवसाच्या केकमध्ये तुमची व्हॉइस नोट कुठं जाईल पत्ता लागणार नाही.

पुस्तक कुठलं घ्यायचं

इथंच निम्मे गट फसतात. कुणीतरी कुठंतरी ऐकलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक सुचवतो, सगळे माना डोलावतात, आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंत कुणीच पोचत नाही. माझं मत असं की पहिलं पुस्तक मराठीत (नायतर सोप्या हिंदीत), दोनशे पानांच्या आतलं आणि शाळेतल्या माणसानं किंवा शाळेबद्दल लिहिलेलंच असावं. प्रेरणादायी, यशस्वी व्हा, सकारात्मक विचार करा टाइपची पुस्तकं घेऊ नका. त्यावर सगळ्यांचं एकमत होतं आणि तिथंच चर्चा संपते. ज्यावर भांडता येतं ते पुस्तक गटासाठी चांगलं.

आणि पुस्तकाच्या आधी आपली अडचण ठरवा. स्टाफरूममध्ये एक कागद लावून ठेवा चार दिवस, "सध्या वर्गात सगळ्यात जास्त कशानं डोकं फिरतंय?" नाव न लिहिता लिहू द्या. बहुतेक ठिकाणी दोन-तीनच गोष्टी येतात. पोरं भराभर वाचतात पण अर्थ सांगता येत नाही, मागच्या बाकावरचे बोलतच नाहीत, घरची भाषा वेगळी, पालक फिरकत नाहीत. त्यातली एक धरा आणि तिच्या जवळचं पुस्तक शोधा.

चार-पाच नावं सांगतो, बाकी तुम्ही शोधा. गिजुभाई बधेकांचं दिवास्वप्न हे पहिल्या गटाला एकदम बेस. लक्ष्मीराम नावाचा मास्तर शिक्षणाधिकाऱ्याकडं जाऊन चौथीचा वर्ग प्रयोगाला मागून घेतो आणि वर्षभर गोष्टी, खेळ, वाचन असं चालवतो, आणि बाकीचे मास्तर त्याला हसत असतात, हे वाचताना आपल्या स्टाफरूममधले एकेक चेहरे दिसतात. १९३० च्या आसपासचं लिखाण आहे पण इन्स्पेक्शनची धास्ती तीच. गो. ना. मुनघाट्यांचं माझी काटेमुंढरीची शाळा घ्या, गडचिरोलीच्या आदिवासी भागातल्या शाळेवरचं, साधन नाही, पैसा नाही आणि तरी माणूस काय काय करतो. तोत्तोचान, म्हंजे जपानमधल्या एका छोट्या मुलीच्या शाळेची गोष्ट, सगळ्यांना माहीत असतं पण सगळ्यांनी वाचलेलं नसतं, हा फरक गट सुरू झाल्यावर लगेच कळतो. प्रिय बाई हे इटलीतल्या बार्बियाना गावच्या शाळेतल्या आठ पोरांनी मिळून लिहिलेलं, १९६७ सालचं, नापास करणाऱ्या शिक्षिकेला लिहिलेलं लांबलचक पत्र आहे, जरा तिखट आहे, पहिल्या गटाला देऊ नका, दुसऱ्याला द्या. जत तालुक्यात जिथं पोरांच्या घरात कन्नड आणि शाळेत मराठी असते, तिथं कृष्ण कुमारांचं बच्चे की भाषा और अध्यापक बघा, हिंदीत आहे, बारीक आहे आणि करून बघायच्या गोष्टी त्यात भरपूर आहेत.

पुस्तक घ्यायच्या आधी एक टेस्ट करा. मधलीच कुठलीही चार पानं उघडून वाचा आणि स्वतःला विचारा, यातलं काही सोमवारी तिसऱ्या तासाला करता येईल का, किंवा निदान यावर कुणी चिडेल का. दोन्हीचं उत्तर नाही आलं तर ठेवून द्या.

पुस्तकच पाहिजे असं पण नाही. पुण्यावरनं निघणारं पालकनीती मासिक आहे, १९८७ पासनं चालू आहे, शैक्षणिक संदर्भ नावाचं आहे, आपल्याच खात्याचं जीवन शिक्षण मासिक आहे जे शाळेत येतं आणि न फोडता कपाटात जातं. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा एनसीईआरटीच्या साइटवर फुकट मिळतो, त्यातलं एकेक प्रकरण गटाला भरपूर पुरतं. ज्यांना पुस्तकाची धास्ती वाटते त्यांनी आधी तीन-चार लेखांवर गट चालवावा, मग पुस्तकाकडं वळावं.

प्रतींचं गणित

माणशी एक प्रत असली तर उत्तम, कारण पेन्सिलीनं खुणा करायच्या असतात आणि दुसऱ्याच्या पुस्तकात माणूस खुणा करत नाही. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं तशी स्वस्त असतात, एका वडापाव पार्टीच्या खर्चात दोन-तीन येतात. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतनं सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपयांची तरतूद आहे, त्यातनं मुलांच्या पुस्तकांबरोबर शिक्षकांसाठी दोन-चार प्रती घ्यायला मिळतात का ते मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारून बघा. नसेल जमत तर सातारा नगरवाचनालय, सांगलीची वाचनालयं, गावचं अ ब क ड वर्गातलं का असेना पण वाचनालय असतंच, तिथनं दोन प्रती काढा आणि दोघादोघांत एक फिरवा. स्कॅन केलेली पीडीएफ मात्र ग्रुपवर फिरवू नका. एक तर ते बरोबर नाही, आणि दुसरं म्हंजे मोबाईलवरची पीडीएफ कुणी वाचत नाही, डाउनलोड करून ठेवतात फक्त.

वेळ कधी

आपल्या शाळांचं कॅलेंडर बघून ठरवा. जूनमध्ये प्रवेश आणि पाठ्यपुस्तकं, तेव्हा नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिष्यवृत्ती, दहावी-बारावी, तेव्हा पण नको. डिसेंबरमध्ये क्रीडा स्पर्धा आणि गॅदरिंग. राहतं काय तर जुलैचा दुसरा पंधरवडा ते सहामाहीच्या आधीपर्यंत, आणि दुसरा तुकडा दिवाळीनंतर नोव्हेंबरचा. पश्चिमेकडं जुलैत पाऊस असा असतो की शाळेत पोचणं हाच उपक्रम, तिकडच्यांनी ऑगस्टच्या शेवटाला सुरू करावं. निवडणूक लागली आणि निम्मा स्टाफ बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला गेला तर सरळ पंधरा दिवस पुढं ढकला, ओढून ताणून करू नका.

पंधरा दिवसांतनं एकदा, एकूण सहा बैठका, फार तर आठ. शनिवारी सकाळची शाळा असते, ती सुटल्यावरची वेळ बऱ्याच जणांना सोयीची पडते. पण अपडाऊन करणाऱ्यांना कराड नायतर साताऱ्याची एसटी धरायची असते, म्हणून सुरू वेळेवर आणि बंद पण वेळेवर. पाऊण तास म्हंजे पाऊण तास. एकदा का सव्वा तास ताणलं की पुढच्या वेळी दोघांच्या घरी पाहुणे येतात. चहा मात्र पाहिजे, आणि तो आधी पाहिजे, मध्ये नको.

पानं किती? एका वेळेला वीस-पंचवीस. त्याच्यापेक्षा जास्त ठेवलीत तर शुक्रवारी रात्री वाचतात, नाहीतर वाचतच नाहीत. एखादं प्रकरण मोठं असेल तर जिगसॉ करा, म्हंजे प्रकरणाचे तुकडे करून प्रत्येकाला एक तुकडा, आणि बैठकीत प्रत्येकानं आपला तुकडा बाकीच्यांना शिकवायचा. इलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत पोरांसाठी हे काढलं होतं, वेगवेगळ्या वंशाची पोरं पहिल्यांदा एका वर्गात आली होती आणि एकमेकांकडं बघत नव्हती, तर प्रत्येकाकडं एकेक तुकडा दिल्यामुळं एकमेकांचं ऐकणं भाग पडलं. आपल्या स्टाफरूममध्ये पण ते भाग पाडावं लागतंच की. आणि एकदा स्वतः केलं की तेच तंत्र सातवीच्या इतिहासाला वापरता येतं, हा वरचा फायदा.

बैठकीत करायचं काय

पहिली दहा-बारा मिनिटं मागच्या वेळी ठरवलेलं कोणी काय करून बघितलं त्याची. जमलं ते पण सांगा, फसलं ते पण सांगा, आणि केलंच नसेल तर "नाही केलं" एवढं म्हणून पुढं, कारणं सांगायची नाहीत. कारणं ऐकायला बसलो तर दिवस जाईल.

मधली वीस-पंचवीस मिनिटं पुस्तकाची. इथं मोकळं सोडलं तर नेहमीचे दोघं बोलतात, म्हणून थोडी शिस्त लागते. मला सगळ्यात आवडणारी पद्धत अशी: प्रत्येकानं येताना एक परिच्छेद खूण करून आणायचा. एकानं आपला परिच्छेद वाचून दाखवायचा आणि गप्प बसायचं, का निवडला ते सांगायचं नाही. मग बाकीच्यांनी एकेक मिनिट त्यावर बोलायचं, मध्ये तोडायचं नाही. सगळ्यात शेवटी ज्यानं वाचला त्यानं बोलायचं. ऐकायला सोपं वाटतं पण करून बघा, आपण शिक्षक लोक, दिवसभर बोलायची सवय, आपला मुद्दा पोटात ठेवून चार जणांचं ऐकणं हे कसलं अवघड जातं ते कळेल. पाच जणांचा गट असेल तर एका परिच्छेदाला सात-आठ मिनिटं जातात, म्हणून एका बैठकीत तिघांचेच घ्या, उरलेले पुढच्या वेळी आधी.

ज्या दिवशी वादाचं प्रकरण असेल त्या दिवशी चार प्रश्न फळ्यावर लिहा: लेखकानं काय गृहीत धरलंय, आपल्याला काय पटलं, कुठं भांडावंसं वाटतं, काय करून बघावंसं वाटतं. पहिल्या प्रश्नाला जास्त वेळ द्या. बरीच पुस्तकं तीस पोरांचा एकच वर्ग आणि एकच इयत्ता धरून चाललेली असतात, आणि आपल्याकडं एकाच खोलीत पहिली ते चौथी बसलेली असते. हे बोलून झालं की मग "आपल्याकडं नाही चालणार" याच्या पुढं जाता येतं, नायतर त्याच वाक्यावर गाडी अडते.

संयोजक दर वेळी बदला. संयोजकानं भाषण तयार करायचं नाही, फक्त दोन प्रश्न तयार करायचे. आणि प्रश्न कसले? "या प्रकरणातून आपल्याला काय बोध मिळतो?" हा प्रश्न विचारलात की सगळे स्वाध्याय सोडवल्यासारखी उत्तरं देतात, "विद्यार्थीकेंद्री शिक्षण महत्त्वाचे आहे" वगैरे, ज्याच्याशी कुणाचंच वैर नाही. त्यापेक्षा "लक्ष्मीरामनं पहिल्या दिवशी शांततेचा खेळ घेतला आणि तो पार फसला, तुमच्या वर्गात पहिल्याच दिवशी असं झालं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही काय घ्याल?" असा विचारा. प्रश्नात वर्ग दिसला पाहिजे, तास दिसला पाहिजे, पोरगं दिसलं पाहिजे. कुणी मोठमोठे शब्द वापरायला लागला की संयोजकानं हळूच विचारायचं, "म्हंजे उद्या नेमकं काय?"

शेवटची दहा मिनिटं ठरवायची. प्रत्येकानं एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची: कुठल्या वर्गात, कुठल्या तासाला, काय करणार, आणि ते झालं का नाही हे कशावरनं ओळखणार. चिठ्ठी दुसऱ्याच्या खिशात ठेवायची. हो, दुसऱ्याच्याच, तो मग आठवण करतो.

करून बघणं म्हणजे किती बारकं

हे नीट सांगतो कारण लोक इथं उगाच मोठं काहीतरी ठरवतात, "मी वर्ग ज्ञानरचनावादी करणार", म्हंजे पोरं स्वतः करून शिकतील असा. त्यासाठी गाजलेला शाळांचा गट, कुमठे बीट, आपल्या साताऱ्यातलाच, राज्यभरनं लोक बघायला यायचे, आणि बघून गेलेल्या कितीतरी शाळांनी फरशीवर रंगवून घेतलं आणि शिकवणं तसंच राहिलं. रंगवणं सोपं असतं, बोलण्याची पद्धत बदलणं अवघड. म्हणून बारकंच धरा.

उदाहरण घ्या. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या आसपास विज्ञानाच्या तासांच्या टेप ऐकून मोजलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात. सरासरी एक सेकंद. नंतर लगेच दुसरं पोरगं, नाहीतर स्वतःच उत्तर. आणि तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब यायला लागली, न बोलणारी पोरं बोलायला लागली, "माहीत नाही" कमी झालं. आमच्याकडं हा भाग वाचल्यावर विज्ञानाचे सर म्हणाले, मी तर भरपूर थांबतो. मग ठरलं की मराठीच्या मॅडमनी त्यांच्या मोकळ्या तासाला आठवीच्या वर्गात मागं बसायचं, मोबाईलचं स्टॉपवॉच धरायचं आणि फक्त तेवढंच मोजायचं, बाकी शिकवण्यावर अवाक्षर बोलायचं नाही. मॅडमनी कागदावर नुसते आकडे लिहून आणले, एक, एक, अर्धा, एक, दोन, एक. सर बघतच बसले. पुढच्या आठवड्यात त्यांनी प्रश्न विचारला की टेबलाखाली बोटांवर तीन मोजायला सुरुवात केली, आणि पोरांना आधी वाटलं सर चिडलेत, कारण एवढी शांतता त्यांना पण सवयीची नव्हती. खिडकीकडच्या बाकावरची एक मुलगी, जी हजेरीशिवाय तोंड उघडत नव्हती, ती "सर, मीठ पाण्यात जातं कुठं मग?" असं विचारून बसली. उत्तर देण्याऐवजी प्रश्न! बैठकीत यावर जी चर्चा झाली ती कुठल्या पीपीटीतनं झाली नसती.

बारकं म्हंजे एवढं बारकं. साधन नको, पैसा नको, परवानगी नको. आणि दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बसायचं तर एकच गोष्ट बघायला जायचं, ती गोष्ट वर्गवाल्यानं ठरवायची, आणि पंधरा मिनिटांत उठायचं. शेरेबुकाची सवय आपल्या हाडात आहे, मागं कुणी बसलं की तपासणीच वाटते, ती भीती जायला दोन-तीन वेळा जावं लागतं. पुढं जाऊन हे जमायला लागलं की जपानमध्ये शिक्षक करतात तसं एक पाठ सगळ्यांनी मिळून तयार करायचा, एकानं घ्यायचा आणि बाकीच्यांनी पोरांकडं बघायचं, इथपर्यंत पण जाता येतं.

आणखी एक. तोत्तोचानमध्ये कोबायाशी मुख्याध्यापक त्या पोरीला पहिल्या भेटीत चार तास ऐकून घेतात. हे वाचून सगळे भारावतात आणि तिथंच सोडतात. संयोजकानं विचारायचं, आपल्याकडं प्रवेशाच्या दिवशी पोरगं स्वतः किती वाक्यं बोलतं? बहुतेक ठिकाणी नाव विचारतो तेवढंच, बाकी सगळं आधार कार्ड, जन्मदाखला, बँक पासबुक, आणि ते पण बापाशी. दिवाळीनंतर आपल्याकडं कारखाने सुरू होतात, बीडकडनं ऊसतोडीची माणसं येतात, कोप्या (त्यांच्या झोपड्या) पडतात, आणि त्यांची पोरं मध्येच आपल्या वर्गात येऊन बसतात, चार-पाच महिन्यांसाठी. त्या पोरांचं कोण ऐकतं? चार तास कुणाकडंच नसतात, दहा मिनिटं असतात. एकानं चिठ्ठीवर एवढंच लिहिलं की नवीन आलेल्या पोराला परिपाठानंतर बाहेर ओट्यावर घेऊन दहा मिनिटं नुसतं बोलू द्यायचं, आपण काही शिकवायचं नाही. त्यातनं कळलं की चौथीतलं पोरगं उसाच्या मोळ्या मोजतं, गाडीचा हिशोब तोंडी करतं, आणि आपण त्याला दोन अंकी बेरजेच्या गटात बसवलं होतं.

अडचणी येणारच

पुस्तक न वाचताच बैठकीला येणारे असणारच. त्यांना लाजवू नका, पुस्तकाच्या वेळातली पहिली सात मिनिटं सगळ्यांनी तिथंच बसून दोन पानं मुकाट वाचायची असा नियम केला की प्रश्न मिटतो. तीनदा सलग कुणी न वाचता आला तर बहुतेक पुस्तक चुकलंय, माणूस नाही.

सगळं उडवून लावणारा एक जण प्रत्येक स्टाफमध्ये असतो. "आवं सर, पट बघा की, साठ पोरं हायत, पुस्तकात लिहायला काय जातंय." त्याला गटात घ्याच. तो आहे म्हणून बाकीचे हवेत जात नाहीत. त्याला फक्त एवढं म्हणा की साठ पोरांत यातलं कितपत चालेल ते तुम्हीच करून बघून सांगा, तुमच्याइतका साठ पोरांचा अनुभव कुणाला आहे?

गाऱ्हाणी पण निघणार, बदल्या, अशैक्षणिक कामं, जुनी पेन्शन. निघू द्यात, खरी आहेत, पण घड्याळ लावून पाच मिनिटं. नायतर पुस्तक बाजूला राहतं आणि बैठकीची संघटनेची सभा होते.

आणि फोटो. एक सुद्धा काढू नका, निदान पहिल्या तीन बैठका तरी. फोटो निघाला की तो ग्रुपवर जातो, ग्रुपवर गेला की वरनं अहवालाचा नमुना येतो, नमुना आला की तुम्ही नमुना भरण्यासाठी बैठक घेता. नोंद पाहिजे तर एक साधी दोनशे पानी वही ठेवा, तारीख, कोण होतं, कोण काय करून बघणार, पुढच्या वेळी काय झालं, चार ओळी. कुणी साहेब आले आणि विचारलं तर वही दाखवा, ती पुरते. तासांच्या सर्टिफिकेटसाठी मात्र हे करू नका, सर्टिफिकेटचे कोर्स दीक्षावर आहेत, ते तिकडं करा.

शेवटची बैठक शाळेबाहेर घ्या, गटाला बरं वाटतं. साताऱ्याकडच्यांना भिलार जवळ आहे, पाचगणीच्या शेजारी, ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव म्हणून सुरू झालं, लोकांच्या घरांत, ओसरीवर पुस्तकं मांडलेली असतात, बसून फुकट वाचता येतात. मे महिन्यात जाऊ नका, पर्यटकांची गर्दी असते आणि ट्रॅफिक डोक्याला ताप. तिथं बसून प्रत्येकानं पुढच्या गटासाठी एकेक पुस्तक चाळून सुचवायचं, आणि शेवटची निवड त्या उडवून लावणाऱ्या माणसाकडं द्यायची. त्यानं निवडलेलं पुस्तक तो स्वतः वाचतोच, आणि बाकीचे त्याला पकडण्यासाठी वाचतात. पहिल्या पुस्तकाच्या प्रती खुणांसकट शेजारच्या शाळेला देऊन टाका, पेन्सिलीच्या खुणा खोडू नका, त्यांना वाचायला त्याच जास्त आवडतात.